‘साडेतीन वाजत आले’: एका शब्दघड्याळाच्या नोंदी

५ जानेवारी

आजपासून वहीत लिहायचं नाही, इथे लिहायचं. वहीतल्या नोंदी मलाच नंतर लागत नाहीत. शिवाय या वेळी काम उघड्यावर करायचं ठरवलंय. आधीचे तीन उद्योग ‘पूर्ण झाले की दाखवू’ म्हणत म्हणत कपाटात गेले. त्यातल्या एकाचं बटण कुठलं आणि वायर कुठली हेही आता आठवत नाही.

करायचं आहे ते शब्दांत वेळ सांगणारं घड्याळ. काटे नाहीत, आकडे नाहीत. अक्षरांची चौकट, मागे छोटे दिवे, आणि त्या वेळेचे शब्द तेवढे उजळणार. इंग्रजीत आणि जर्मनमध्ये अशी घड्याळं पुष्कळ झाली आहेत. ११ गुणिले १० अक्षरांचा साचा ठरून गेलेला आहे. मला वाटलं होतं, साचा उचलायचा, त्यात मराठी शब्द भरायचे, दोन रविवारांत काम संपलं.

७ जानेवारी

शब्दांची पहिली यादी रद्द. तिच्यात ‘तीन वाजून वीस मिनिटे’, ‘चाराला दहा मिनिटे कमी’ असं सगळं होतं. मोठ्याने वाचली तर रेल्वे स्थानकातली घोषणा वाटली.

मग दोन दिवस घरातलं आणि फोनवरचं बोलणं कान देऊन ऐकलं. मिनिटं कुणीच सांगत नाही. ‘किती वाजले?’ला मिळालेली उत्तरं अशी: ‘साडेतीन वाजत आले’, ‘सव्वाचार वाजले’, ‘पाच वाजून गेले की!’ बोलताना आपण तासाचे चार तुकडे धरतो आणि तुकड्याच्या अलीकडे आहोत की पलीकडे, एवढंच वर जोडतो. पावणे, सव्वा, साडे आहेतच, शिवाय पाऊण, दीड, अडीच हे स्वतंत्र शब्द. एवढी तयार भांडी घरात असताना मी मिनिटं मोजत बसले होते.

हिशेबही बसला. नेमक्या वेळेच्या पाच मिनिटं आधीपासून ‘वाजत आले’, त्या वेळेपासून पाच मिनिटं ‘वाजले’, त्यापुढची पाच ‘वाजून गेले’. पाच त्रिक पंधरा, म्हणजे बरोबर पाव तास. ज्याला मिनिटांशिवाय चैन पडत नाही त्याच्यासाठी चार कोपऱ्यांत चार ठिपके, वरच्या दर मिनिटाला एक.

८ जानेवारी

चौकट मांडायला बसले आणि पहिलाच प्रश्न आला, एका घरात काय ठेवायचं? संगणकाला विचारलं तर ‘सव्वा’ म्हणजे पाच चिन्हं: स, व, हलन्त, व आणि काना. डोळ्याला दिसतात दोन, स आणि व्वा. ‘पावणे’ही त्याच्या लेखी पाच, माझ्या लेखी तीन. इथे डोळ्याचं ऐकायचं. काना, मात्रा, वेलांटी सगळं धरून एक अक्षर, एक घर.

मोजताना एक मजेची गोष्ट सापडली. एक ते बारा हे आकडे लिहून काढा आणि अक्षरं मोजा. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा, बारा, सगळे दोन अक्षरी. फक्त अकरा तीन अक्षरी. हा एकटा नसता तर सगळे आकडे आठ-आठ घरांच्या तीन ओळींत चपखल बसले असते. त्याच्यामुळे बारा बिचारा खालच्या ओळीत ढकलला गेला. पण तिथे ‘वाजत’ आणि ‘वाजून’ यांच्या शेजारी तो असा काही बसला की मी अकराला माफ केलं.

रात्री साडेअकरापर्यंत खाडाखोड करून ही चौकट पक्की झाली:

स व्वा सा डे पा व णे ळ
पा ऊ ण दी ड अ डी च
ए क दो न ती न चा र
पा च स हा सा त आ ठ
न ऊ द हा अ क रा ज्ञ
बा रा वा ज त वा जू न
वा ज ला क्ष श्र वा ज ले
आ ला आ ले गे ला गे ले

आठ गुणिले आठ, चौसष्ट घरं, सव्वीस शब्द. वरून खाली वाचत गेलं की वाक्य लागतं. चार घरं उरली, तिथे ळ, ज्ञ, क्ष आणि श्र ठेवले. त्यांचं काम काहीच नाही, ते भरतीचे. ळ मात्र मुद्दाम आहे. पूर्ण घड्याळात कुठल्याच शब्दात ळ येत नाही, ते बरं दिसेना.

१२ जानेवारी

कोड. पहिल्या खेपेला चाळीसेक जर-तर लिहिले आणि स्वतःचीच लाज वाटली. आंघोळ करताना सुचलं की वेळेत आधी पाच मिनिटं मिळवून टाकायची. मग पंधराने भागलं की भागाकार सांगतो कुठला पाव तास. बाकीला पाचाने भागलं की ‘आले’, ‘वाजले’ की ‘गेले’ ते कळतं, आणि त्यातही उरेल तेवढे ठिपके. सगळं चार ओळींत.

लिंगवचनाची भीती वाटत होती. एक वाजला पण दोन वाजले. सव्वा वाजला पण सव्वादोन वाजले. अपवादांची यादी केली तर निघाले चारच: पाऊण, एक, सव्वा, दीड. आणि हे चारही एकामागोमाग येतात! म्हणजे १२:४० ते १:३९ हा बरोबर एक तास घड्याळ एकवचनात बोलतं, उरलेले अकरा तास अनेकवचनात. अटीची एक ओळ पुरली. व्याकरणाने इतकं सहकार्य केल्याचं मला तरी आठवत नाही.

१९ जानेवारी

आठवडा भिंतींत गेला. तपशिलात लिहिते, कारण हे कुठे लिहिलेलं सापडलं नाही.

अशा घड्याळात प्रत्येक दिव्याभोवती काळ्या पुठ्ठ्याच्या उभ्या भिंती करतात, शेजारच्या घरात उजेड सांडू नये म्हणून. मीटरला साठ दिव्यांची पट्टी घेतली आहे, म्हणजे दोन दिव्यांत १६.६७ मिमी आणि आठ घरांची रुंदी १३३ मिमी. सगळ्या चौसष्ट घरांना भिंती केल्या, वर अक्षरांची फिल्म ठेवली, दिवे लावले. ‘तीन’ उजळलं, पण ते ‘ती’ आणि ‘न’ असे दोन अनोळखी शेजारी दिसत होते. शिरोरेषा मधोमध कापली गेलेली. भिंतीची सावली नेमकी तिथेच पडत होती. रोमन अक्षरं सुटी-सुटीच उभी असतात, त्यांना या भिंतींचा त्रास नाही. आपली अक्षरं एका दोरीवर वाळत घातलेली. दोरी कापली की शब्द पडला.

पहिला उपाय, पातळ पुठ्ठा. सावली बारीक झाली, गेली नाही. दुसरा उपाय, अक्षरांची फिल्म भिंतींपासून चार मिमी वर उचलली. सावली गेली, पण ‘तीन’बरोबर ‘चार’ही अर्धवट उजळू लागला. पंचवीस का चोवीस तास या दोहोंत फिरत होते.

शेवटी कळलं की मी घरं चुकीची मोजत होते. भिंत अक्षराला नकोच आहे, शब्दाला हवी आहे. शब्दांच्या मधल्या भिंती पूर्ण उंच, फिल्मला टेकलेल्या. शब्दाच्या पोटातल्या भिंती काढूनच टाकल्या. चौसष्ट खोल्यांच्या जागी सव्वीस दालनं आणि चार भरतीच्या कोठड्या. दालनात दोन-तीन दिवे एकत्र पेटतात, वर ट्रेसिंग पेपर, आणि शिरोरेषा सलग. ‘पावणे’ पहिल्यांदा अखंड उजळलं तेव्हा मी खोलीतला दिवा बंद करून नुसती बघत बसले होते.

अक्षरं पुठ्ठ्यात कापायचा विचार आधीच सोडला होता. व, क, च यांच्या पोटातले तुकडे गळून पडतात, आणि शिरोरेषेमुळे प आणि ण यांचीही पोटं बंद होतात. पारदर्शक फिल्मवर काळी पार्श्वभूमी छापली. एका थरातून उजेडाची टाचणीएवढी भोकं दिसतात, म्हणून दोन प्रती एकावर एक. छापताना आरसा-प्रतिमा घ्यायची, म्हणजे शाईची बाजू आत राहते आणि ओरखडे पडत नाहीत.

२० जानेवारी

काही केलं नाही. ‘सव्वानऊ वाजून गेले’ हे तीनदा वाचलं.

२५ जानेवारी

पेटी बंद केली, गोंद लावला, फोटो काढले. छान आले.

संध्याकाळी दुसऱ्या कुणाला बनवता यावं म्हणून पायऱ्या लिहायला बसले. तिसऱ्या पायरीशी अडले: ‘आतली जोडणी आकृतीप्रमाणे करा.’ आकृती नाही. आतला एकही फोटो नाही. सगळे फोटो बाहेरून, उजळलेल्या अक्षरांचे. हेअर ड्रायरने गोंद मऊ करून पेटी उघडली. एक भिंत तुटली. पुढच्या वेळी प्रत्येक थर झाकण्याआधी फोटो काढायचा, हे भिंतीवर लिहून ठेवलंय. खऱ्या भिंतीवर, पेन्सिलने.

१ फेब्रुवारी

फाइली खुल्या केल्या. कोड, अक्षरांची फिल्म, भिंतींचे नकाशे, जोडणीचे फोटो.

परवान्याचं काम मला कागदी वाटायचं. पण परवाना न लिहिता नुसता कोड टाकला तर त्याचा अर्थ ‘घ्या, वापरा’ असा होत नाही. सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात आणि प्रामाणिक माणूस हात लावत नाही. म्हणून कोडला ‘वापरा, बदला, परवान्याची नोंद तेवढी सोबत ठेवा’ म्हणणारा एमआयटी परवाना, आणि नकाशे व फिल्म यांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, श्रेय देऊन वापरा असं सांगणारा. दोन्हींना एकच का नाही, तर क्रिएटिव्ह कॉमन्सवालेच सांगतात की आमचे परवाने सॉफ्टवेअरसाठी वापरू नका. फॉन्ट ओएफएल, म्हणजे खुल्या फॉन्टांसाठीच्या परवान्याचा घेतला होता. त्यात काढलेली अक्षरं चित्रात बिनधास्त वापरता येतात, नुसता फॉन्ट विकता येत नाही.

आणि मग व्हायचं ते झालं. फाइली टाकून वीस मिनिटं झाली, चहा घेतला, सहज कोड वरून खाली वाचला, तर सहाव्या ओळीत आमच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड. घड्याळ इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतं, त्यासाठी लिहिलेला. पटकन ओळ पुसून पुन्हा टाकलं आणि हायसं वाटलं. ते साफ चुकीचं होतं. कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं गिट जुनं काहीच विसरत नाही. आधीच्या नोंदीत पासवर्ड तसाच राहतो आणि बघणाऱ्याला दोन क्लिकमध्ये सापडतो. खरा उपाय एकच, राऊटरचा पासवर्ड बदलणं. तो बदलला, घरातल्या सगळ्या फोनवर पुन्हा घातला, बोलणी खाल्ली. आता पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये आहे आणि ती फाइल गिटने उचलू नये असं त्याला बजावलंय. फोटोंमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असतात, तेही याच झटक्यात आठवलं. काढले.

४ फेब्रुवारी

कुणीच काही बोललेलं नाही. दिवसातून किती वेळा बघितलं ते लिहीत नाही.

९ फेब्रुवारी

पहिला मेसेज आला! ‘ताई, पहिल्या ओळीत दुसरं अक्षर तुटलंय का?’ सोबत चित्र. व्वाच्या जागी पाय मोडलेला व, मग वा. आणि बाकीची अक्षरंही कुठल्याशा भलत्याच फॉन्टमध्ये.

चूक माझीच. फाइलमध्ये मी अक्षरं मजकूर म्हणूनच ठेवली होती. माझ्या संगणकावर तो फॉन्ट आहे, त्यांच्या नाही. त्यांच्या प्रोग्रामने मिळेल तो फॉन्ट लावला आणि जोडाक्षर काही जोडलं नाही. सगळी अक्षरं पाथमध्ये बदलून, म्हणजे अक्षराचं चित्र करून, नवी फाइल दिली. मजकुराची फाइलही शेजारी ठेवली, कारण कुणाला शब्द बदलायचे तर चित्रातून ते बदलता येत नाहीत.

११ फेब्रुवारी

एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी लिहिलं की घड्याळ गोड आहे, पण ल हिंदी वळणाचा आहे. मी मान्यच करेना. मग वाजला, आला, गेला मोठे करून बघितले. होताच. मराठीत आपण दोन पाकळ्यांचा ल काढतो. बऱ्याच फॉन्टांत ते रूप दिलेलं असतं, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं तरच ते वर येतं. मी भाषा सांगितलीच नव्हती. सहा जागी ल, सहाही बदलले. फिल्म पुन्हा छापली. दोन प्रती, पुन्हा एकावर एक.

महिनाभर रोज मी तो ल बघत होते. त्यांना एका फोटोत दिसला.

१६ फेब्रुवारी

आजचा दिवस मजेचा. एका मुलाने पूर्ण घड्याळ बांधलं, माझ्याशिवाय जगातलं पहिलं. त्याचा मेसेज: ‘सगळं चालतंय, फक्त पाच वाजता आठ वाजले म्हणतं.’

आणखी विचारलं. तीन बरोबर. चार बरोबर. सहा वाजता सात दाखवतं. नऊ बरोबर. अडीचला पाऊण. ‘आणि “वाजत आले”च्या वेळी काहीतरी चिनी येतं.’

चौकट पुढे घेतली. चौथी ओळ: पाच, सहा, सात, आठ. ती उलटी केली तर पाचाच्या जागी आठ आणि सहाच्या जागी सात. दुसरी ओळ उलटी केली तर अडीचच्या जागी पाऊण. तिसरी, पाचवी, सातवी ओळ ठीक. म्हणजे एकाआड एक ओळ उलटी! मी पट्ट्या नागमोडी जोडल्या आहेत: पहिली डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे, असं केलं की वायर कमी लागते. कोड ते गृहीत धरतो. त्याने सगळ्या पट्ट्या एकाच दिशेने लावल्या, कारण पायऱ्यांमध्ये मी लिहिलं होतं, ‘पट्ट्या चिकटवा.’ एवढंच. पट्टीवर दिशेचा बाण छापलेला असतो, त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

गंमत ही की दोन अक्षरी आकड्यांच्या सुबक मांडणीमुळेच चूक लपली. आकड्यांची ओळ उलटी झाली तरी दुसरा अस्सल शब्द पेटतो, निरर्थक काही दिसत नाही. शेवटच्या ओळीत तर ‘आले’चं ‘गेला’ होतं आणि ‘आला’चं ‘गेले’. त्याला म्हटलं, तुझं घड्याळ तत्त्वज्ञानी आहे, तसंच ठेव. नाही म्हणाला.

पायरीत बाणांचा फोटो टाकला. कोडमध्ये ‘नागमोडी की सरळ’ असा पर्याय ठेवला. आणि घड्याळ सुरू होताना पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक दिवा क्रमाने पेटेल अशी चाचणी घातली. दिशा चुकली असेल तर पहिल्या दहा सेकंदांत दिसेल.

२३ फेब्रुवारी

आता ज्याची कबुली द्यायला आठवडा लागला ती गोष्ट.

त्याच मुलाचे दिवे मधूनच चुकीच्या रंगात चमकत होते. पांढऱ्या ‘साडे’मध्ये अचानक हिरवा ठिणगीसारखा दिवा. माझ्याकडे महिनाभरात एकदाही नाही. मी त्याला सांगत राहिले: सोल्डरचा टाका पुन्हा लाव, वायर आखूड कर, ग्राउंडची वायर बघ. त्याने सगळं केलं. फरक नाही. मनात आलंच, याच्या टाक्याला सफाई नसेल. त्याने फोटो पाठवले. त्याचे टाके माझ्यापेक्षा चांगले होते.

मग माहितीपत्रक नीट वाचलं. हे डब्ल्यूएस२८१२बी दिवे माहितीच्या तारेवर ‘एक’ हा अंक तेव्हाच ओळखतात, जेव्हा त्या तारेवरचा विजेचा दाब पुरवठ्याच्या निदान ०.७ पट असतो. पुरवठा ५ व्होल्टचा असेल तर ३.५ व्होल्ट हवेत. दिव्यांना हुकूम देणारा माझा छोटा संगणक, ईएसपी३२, देतो ३.३. म्हणजे कागदावर हे घड्याळ चालायलाच नको! त्याचं अधूनमधून बिघडतं हे नवल नव्हतं, माझं चालतं हे नवल होतं.

मल्टिमीटर लावला. माझ्या पट्टीवर पाच नाही, ४.६ व्होल्ट. लांब, बारीक, कुठल्या तरी जुन्या डब्यातली यूएसबी केबल वापरत होते, वाटेतच ०.४ व्होल्ट खाऊन टाकत होती. ४.६ची ०.७ पट ३.२२. माझे ३.३ त्याच्या काठावरून कसेबसे पलीकडे जात होते. त्याने चांगली जाड केबल आणि चांगला पुरवठा घेतला, ५.१ व्होल्ट, मर्यादा गेली ३.५७वर, आणि घड्याळ चमकायला लागलं. नीट काम केलं म्हणून त्याचं बिघडलं.

खात्री म्हणून मीही जाड केबल लावली. दहा मिनिटांत ‘पावणे’मध्ये हिरवी ठिणगी. इतका आनंद बिघाड बघून क्वचित झाला असेल.

उपाय सोपा: मध्ये ७४एएचसीटी१२५ ही चिप. ती २ व्होल्टच्या वर काही दिसलं की ‘एक’ मानते आणि पुढे पूर्ण पाच देते. पहिल्या दिव्याआधी माहितीच्या तारेत ३३० ओहमचा रोध आणि पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही घातला, ते आधीच घालायला हवे होते. यादी बदलली, आकृती बदलली. जुनी आकृती पुसली नाही, तिच्यावर तांबडी फुली मारून ठेवली आहे. त्या आकृतीवरून कुणी आधीच बांधलं असेल तर त्याला कळायला हवं.

त्या मुलाला सगळं लिहून कळवलं, टाक्यांबद्दल जे मनात आलं होतं तेही. त्याने अंगठा पाठवला.

२ मार्च

रात्री जागणाऱ्या कुणाची तरी तक्रार: ‘बारा वाजायच्या आधी घड्याळ गप्प होतं.’ तपासलं. दिवसातून दोनदा, ११:५५ ते ११:५९, कोरी पाटी. बारा तासांत आणण्याचा भागाकार मी आधी केला होता आणि पाच मिनिटं नंतर मिळवली होती. ११:५५ला बेरीज ७२०, पाव तास क्रमांक ४८, आणि माझी यादी ० ते ४७. क्रम उलटा केला. माझ्या लक्षात दोन महिन्यांत का आलं नाही? दुपारी बाहेर असते आणि रात्री झोपलेली.

९ मार्च

आलेल्या मागण्या: गजर, तापमान, आवाज, रंगीबेरंगी अक्षरं, ‘मला एक करून द्याल का’. शेवटचीला नाही म्हणायला सगळ्यात जड गेलं. पण हे करून देण्याचं काम नाही, एकदा करून देऊ लागले की नोंदी लिहिणं सुटणार. गजर मी घेणार नाही; ज्याला हवा त्याने जोडावा, फाइली उघड्या आहेत. रंगांवर मात्र लिहावं लागलं. एका वेळी जास्तीत जास्त पंधरा दिवे पेटतात, ‘पावणेअकरा वाजून गेले’ आणि चार ठिपके. एक दिवा पूर्ण पांढरा असताना ६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे ९०० मिलिअँपिअर. पण सगळ्या अडुसष्ट दिव्यांचा इंद्रधनुष्यी खेळ पूर्ण उजेडात केला तर चार अँपिअरच्या वर. एकाने तो लॅपटॉपच्या यूएसबीवर करून बघितला. लॅपटॉपने बिचाऱ्याने नुसतं तोंड फिरवलं, तो पोर्ट बंद केला. आता कोडमध्येच उजेडाला मर्यादा घातली आहे.

बोलीवरूनही वाद झाला. कुणी म्हणे ‘वाजायला आले’ हवं, कुणी म्हणे पाऊण नाही, पावणेएक. पावणेएक चौकटीत आयतंच आहे, एक ओळ बदलून मिळतं. तसा पर्याय दिला. ‘वाजायला’ चार अक्षरी आहे, सहाव्या ओळीत मावत नाही. अकराशी बोला म्हटलं.

२२ मार्च

गुजरातीत झालं! एका ताईंनी माझ्या फाइली घेऊन पूर्ण नवी चौकट मांडली. सवा, साडा, पोणा, दोढ, अढी, सगळं आपल्यासारखंच पाव तासांत चालतं. त्यांच्याकडे बे आणि छ एका अक्षराचे, त्यामुळे जागा वाचली. अगियार चार अक्षरी, तिथे पुन्हा अडले. अकरा या आकड्याचं सगळीकडेच काहीतरी बिनसलेलं दिसतंय.

मी त्यांना भिंतींबद्दल सावध करायला मोठा मेसेज लिहिला: दालनं करा, शब्दाच्या पोटात भिंत नको. त्यांचं उत्तर एका ओळीचं. गुजराती लिपीला शिरोरेषाच नाही. माझा सगळा आठवडा त्यांना लागलाच नाही. त्यांनी साध्या चौसष्ट घरांच्या भिंती केल्या आणि पुढे गेल्या.

३० मार्च

तो पट्ट्यांवाला मुलगा पुन्हा आला, फोटो घेऊन. सातव्या ओळीतले क्ष आणि श्र काढून त्याने तिथे धाकट्या बहिणीचं नाव घातलंय, दोन अक्षरी आहे. सकाळी सव्वासातला, ती शाळेला निघते तेव्हा, ते नाव एक मिनिट पेटतं. कोड पाठवलाय, दहा ओळी आहेत. मुख्य कोडमध्ये घेतला: भरतीच्या घरांना हवी ती अक्षरं आणि हवी ती वेळ.

माझ्या घड्याळात ज्ञ, क्ष, श्र आणि ळ अजून तसेच आहेत. सुरुवातीच्या चाचणीचा क्षण सोडला तर ळ एकदाही पेटलेला नाही. त्याच्यासाठी वेळ शोधतेय.